कपच्या

थंडीत जेवणं उरकली की गच्चीवर एक चक्कर मारायची आमच्याकडे जुनी सवय आहे. नाव शतपावलीचं, पण निम्मा वेळ कठड्याला टेकून गप्पा मारण्यातच जातो. पौष-माघात त्या वेळेला मृग नक्षत्र चांगलं वर चढलेलं असतं. चार कोपऱ्यांत हरणाचे चार पाय, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण, आणि जरा खालच्या अंगाला, बाण मारून झाल्यावरही जागा न सोडलेला व्याध. बाणाच्या दक्षिणेला आणखी तीन मंद ठिपके एका ओळीत उतरत गेलेले दिसतात. एका रात्री मावशीने त्यांतल्या मधल्या ठिपक्याकडे बोट दाखवलं. ‘‘हा एकटाच असा फिसकटल्यासारखा का रे दिसतोय?’’ उत्तराची वाट न बघता तिने चष्मा काढला, पदराने दोन्ही काचा पुसल्या, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाली, ‘‘छे, तसाच आहे.’’

काचांत काही दोष नव्हता. तो ठिपका खरोखरच फिसकटलेला आहे. मृगातला तेजोमेघ म्हणतात तो हाच. वायू आणि धूळ यांचा हा पसारा आपल्यापासून साधारण 1,350 प्रकाशवर्षं लांब आहे, आणि त्याच्या पोटात दोन-तीन हजार कोवळे तारे आहेत. त्यांतले बरेचसे दहा-वीस लाख वर्षांच्या आतले. सूर्याच्या 460 कोटी वर्षांपुढे हे वय सांगण्याजोगंही नाही. लहानशा दुर्बिणीतून पाहिलं की राखाडी, किंचित हिरवट असा एक धुरकट पंखा दिसतो आणि त्याच्या मुळाशी चार तारे, अगदी जवळजवळ, वाकड्या चौकोनात मांडलेले. फोटोतला तो गुलाबी-जांभळा झगमगाट मनात धरून आलेला माणूस दुर्बिणीपासून बाजूला होताना ‘‘एवढंच?’’ म्हणतो. मला मात्र ते राखाडी रूप जास्त आवडतं. आपल्या डोळ्याला झेपेल तेवढंच तेजोमेघ त्यात दाखवतो.

गंमत अशी, की गॅलिलिओने 1617 साली इथे दुर्बीण रोखली होती. त्या चौकोनातले तीन तारे त्याने टिपून ठेवले, पण भोवतीच्या धुरकटपणाबद्दल अवाक्षर लिहिलं नाही. 1656 साली ख्रिस्तियान हायगेन्सने तो धूसर भाग पाहिला आणि त्याचं चित्र काढलं. काळ्या आभाळाला एक झरोका पडला असावा आणि त्यातून पलीकडचा उजेड दिसत असावा, असं त्याला वाटलं. पुढची दोनशे वर्षं हा उजेड कशाचा, यावर विद्वानांत जुंपली होती. कुणी म्हणत होते, हे दूरदूरचे असंख्य तारेच आहेत, मोठी दुर्बीण झाली की सुटे सुटे दिसतील. 1864 साली विल्यम हगिन्सने एका तेजोमेघाचा वर्णपट काढला, तर ताऱ्यांसारखा सलग रंगपट्टा न दिसता मोजक्या सुट्या रेषा दिसल्या. मृगातल्या मेघाचाही वर्णपट तसाच निघाला. म्हणजे हा वायू होता, आणि तो स्वतः चमकत होता.

त्यांतली एक हिरवी रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. मग ‘नेब्युलियम’ नावाचं एक नवं मूलद्रव्य कल्पून ती रेषा त्याच्या नावावर करण्यात आली. 1927 साली आयरा बोवेनने उलगडा केला: ती रेषा ऑक्सिजनचीच होती. आपण श्वासात घेतो तोच, फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. तो अणू हा हिरवा प्रकाश टाकू शकतो, पण त्याला त्यासाठी अर्धं-पाऊण मिनिट कुणीही धक्का लावता कामा नये. आपल्या हवेत हे शक्यच नाही. इथे एका घन सेंटीमीटरमध्ये पंचविसावर अठरा शून्यं इतके रेणू एकमेकांवर सतत आदळत असतात. तेजोमेघाच्या उजळ भागात तेवढ्याच जागेत काही हजार अणू. जे दुरून दाट ढगासारखं दिसतं ते जवळून पाहिलं तर आपल्या प्रयोगशाळांत साधता येणाऱ्या बहुतेक पोकळ्यांहूनही विरळ. दुर्बिणीतून दिसणारा तो हिरवट रंग म्हणजे कुणी धक्का न लावलेल्या अणूंचा रंग. इतक्या आदळआपटीच्या जागेतून इतक्या निवांतपणाची खूण आपल्यापर्यंत पोचावी, याचं मला अजून नवल वाटतं.

कारण आदळआपट तर तिथे चालूच आहे, आणि तिचा मुख्य कर्ता एकच आहे. त्या चौकोनातला सर्वांत ठळक तारा, खगोलशास्त्रज्ञांच्या वहीत ‘थीटा-वन ओरायनिस सी’. वजनाने तीस-चाळीस सूर्यांच्या घरातला, पण उजेडाने जवळपास दोन लाख सूर्यांएवढा. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा, याचा 39,000 च्या आसपास. इतक्या तापलेल्या ताऱ्याचा बहुतेक उजेड अतिनील असतो, डोळ्याला न दिसणारा. हे किरण आजूबाजूच्या हायड्रोजनवर पडले की त्याचा इलेक्ट्रॉन उडवून लावतात. ज्या थंडगार मेघातून हे तारे जन्मले, तिथे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम दहा-वीस अंश. किरण पोचले की तोच वायू दहा हजार अंशांवर जातो. मग तो थोडाच गप्प बसतो? प्रसरण पावतो, शेजारच्या थंड वायूला रेटतो, सापडेल त्या फटीतून बाहेर पळतो. मोकळा झालेला इलेक्ट्रॉन पुन्हा एखाद्या अणूला चिकटतो तेव्हा जो प्रकाश सुटतो, तो फोटोतला लाल-गुलाबी रंग. म्हणजे आपण ज्याला तेजोमेघाचं सौंदर्य म्हणतो ते एक पाडकाम आहे. पाडकाम चालू आहे म्हणून उजेड आहे. पाडायचं काही उरलं नाही की उजेडही संपेल.

किरणांच्या जोडीला वारा आहे. हा तारा आपल्या अंगावरून कणांचा झोत सतत बाहेर टाकतो, सेकंदाला दोन हजार किलोमीटरहून अधिक वेगाने. मूळ मेघ या ताऱ्यांच्या पाठीमागे भिंतीसारखा जाड पसरलेला आहे आणि आपल्या बाजूला त्याचा फक्त पातळ थर उरला आहे. वारा दोन्हीकडे सारखाच रेटतो, पण फुगते ती पातळ बाजू. तव्यावरून काढून निखाऱ्यावर टाकलेली भाकरी जशी एका अंगाने टम्म फुगते, आत कोंडलेली वाफ पापुद्रा उचलते आणि खालचा जाड भाग जागचा हलत नाही, तसं काहीसं. हा पापुद्रा आरपार तेरा प्रकाशवर्षांचा आहे. त्यात हजाराहून अधिक सूर्य होतील एवढा माल आहे आणि तो सेकंदाला तेरा किलोमीटर वेगाने आपल्या दिशेला फुगतो आहे. 2019 साली हे मोजमाप जाहीर झालं, तेही विमानातून केलेलं: जुन्या बोइंग 747 च्या कुशीला दार पाडून त्यात अडीच मीटरची दुर्बीण बसवलेली, ‘सोफिया’ नावाची. फुगवण्याचं काम मुख्यतः या वाऱ्याचं, हे तेव्हा नीट दिसलं. फुगा साधारण दोन लाख वर्षांचा. आपली मनुष्यजात तीन लाख वर्षांची. आपण दगडाची हत्यारं घडवत होतो त्या काळात कधीतरी तिकडे पहिला पापुद्रा सुटला असेल.

‘सोफिया’ ज्या खुणेवरून हे मोजत होतं ती कार्बनची. इलेक्ट्रॉन गमावलेला कार्बन दूरच्या अवरक्तात एक ठरावीक किरण टाकतो. जमिनीवर तो पोचत नाही, कारण हवेतली वाफ वाटेतच गिळून टाकते. त्यासाठी वर जावं लागतं. विमान परवडत नसेल तर फुगा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची हैदराबादला असे फुगे सोडण्याची सोय आहे. संस्थेची एक मीटरची दुर्बीण तिथून सुमारे तीस किलोमीटर उंचीवर जात असे. जपानी शास्त्रज्ञांच्या साथीने तिने मृगातल्या या मेघाचा कार्बनचा नकाशा काढला आणि 2003 साली तो प्रसिद्धही झाला. या प्रकरणात माझा जीव अडकतो तो उतरण्याच्या भागात. काम संपलं की उपकरणांचा पेटारा पॅराशूटने खाली येतो, आणि तो हैदराबादपासून सोलापूरकडे पसरलेल्या मुलखात कुणाच्याही शिवारात उतरू शकतो. म्हणून उड्डाणाच्या हंगामात वर्तमानपत्रांतून सूचना येते: असं काही आढळल्यास हात लावू नये, पोलिसांना कळवावं. तुरीच्या शेतात सकाळी सकाळी एक भलंमोठं धूड आडवं पडलेलं असावं, त्याभोवती पोरं जमलेली असावीत, कुणीतरी म्हाताऱ्याने त्यांना काठीने मागे सारावं, आणि त्या धुडाने आदल्या रात्री मृगाच्या पोटातला कार्बन पाहिलेला असावा!

पाडकामाची झळ मेघाला लागते तशी थीटा-वन सीच्या भावंडांनाही लागते. हबल दुर्बिणीतून रॉबर्ट ओडेल यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला या भागाचे फोटो घेतले, तेव्हा त्यांत बारीक बारीक आकृत्या दिसल्या. पुढून गोल, मागे निमुळती होत गेलेली शेपटी. आजवर अशा दीडशेहून अधिक सापडल्या आहेत. प्रत्येकीच्या आत एक लहान, सूर्याच्या जातीचा किंवा त्याहून छोटा तारा, आणि त्याच्याभोवती वायू-धुळीची चकती. ग्रह व्हायचे ते याच चकतीतून. पण थोरल्याचे अतिनील किरण त्या चकतीचा वरचा थर तापवून उडवून देत आहेत. शेपट्या सगळ्या थोरल्यापासून उलट दिशेला. फोटोत कुणी बाण काढून दाखवायची गरजच नाही, प्रत्येक शेपटी सांगते की तडाखा कुठून येतो आहे. एखाद्या लहान ताऱ्याच्या चकतीत कदाचित एखादा गुरू घडला असता, एखादी पृथ्वी घडली असती. द्रव्य पुरलं तर घडेल, नाहीतर ते विरून जाईल. घरात एकाच्या कर्तबगारीचा उजेड फार झाला की बाकीच्यांचं काय होतं, हे आपल्याकडे सांगायला नको. तिथे दोष देण्याजोगं मन तरी कुणाला नाही.

तरी हा हिशेब सरळ वजाबाकीचा नाही. या तेजोमेघाच्या एका कडेला, तापलेला वायू आणि थंड मेघ जिथे एकमेकांना भिडतात, तिथे एक तिरपी लखलखीत पट्टी आहे. जेम्स वेब दुर्बिणीने 2022 साली तिचा फोटो घेतला. कडा, कंगोरे, धुळीचे पदर, सगळं इतकं रेखीव की क्षणभर दगड असल्याचा भास व्हावा. त्याच परिसरातल्या एका चकतीत, सूर्याच्या दहाव्या भागाएवढ्या एका लहानग्या ताऱ्याभोवती, 2023 साली कार्बनच्या एका अणूला हायड्रोजनचे तीन अणू जोडलेला विद्युतभारित रेणू सापडला. त्याचं महत्त्व असं, की कार्बनची मोठी, गुंतागुंतीची संयुगं बनण्याच्या वाटेवर तो नाक्यासारखा उभा असतो असं रसायनशास्त्रज्ञ मानत आले होते, पण सौरमालेबाहेर तो कधी दिसला नव्हता. आणि तो तिथे तयार होतो तो बहुधा त्याच अतिनील किरणांच्या जोरावर. जे चकती सोलून काढत आहेत तेच तिच्यात ही सुरुवात करून देत आहेत. मारक आणि तारक असे दोन शब्द आपण सहज वापरतो. त्या पट्टीपाशी उभं राहिलं तर त्यांच्यामध्ये रेघ कुठे मारायची?

या सगळ्या गतीचं आपल्याला काहीच दिसत नाही, कारण आपलं आयुष्य त्या मापाने फार तोकडं आहे. लोकमान्य टिळकांनी 1893 साली ‘ओरायन’ हा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी याच मृग नक्षत्राच्या आधारे वेदांचा काळ मागे, इसवी सनापूर्वी सुमारे 4000 पर्यंत नेला. वसंतसंपात तेव्हा मृगात होता, हा त्यांचा धागा. त्यांचं अनुमान मानावं की न मानावं हा वाद वेगळा, पण आभाळाचं घड्याळ लावून सहा हजार वर्षं मागे जाण्याची ती धाव मोठीच होती. त्या सहा हजार वर्षांत मृगातला पापुद्रा किती पुढे सरकला, याचा मी कागदावर गुणाकार केला, तर उत्तर आलं पाव प्रकाशवर्ष. वैदिक ऋषींनी पाहिला तो ठिपका आणि मावशीने पाहिला तो ठिपका, डोळ्याला सारखाच फिसकटलेला.

मावशीने पाहिलेला उजेड मात्र तिकडून निघाला तेव्हा इथे सातवं शतक चालू होतं. वेरूळच्या डोंगरात छिन्नी-हातोडे चालू होते. कैलास लेणं अजून व्हायचं होतं, ते आठव्या शतकातलं. एका अखंड काळ्या कातळात वरून खाली खोदत जाऊन शिखर आधी मोकळं केलं आणि पाया शेवटी, हे आपण शाळेच्या सहलीत ऐकलेलं असतं. माझं लक्ष तिथे गेलं की नेहमी नको त्या गोष्टीत अडकतं. सगळे हत्ती बघतात, रावणाने उचललेला कैलास बघतात, आणि मी मनातल्या मनात काढून टाकलेल्या दगडाचा ढीग रचत बसतो. मंदिरापेक्षा तो केवढा तरी मोठा असणार. लेणं म्हणजे जे उरलं ते. पण जे काढलं त्या कपच्यांचं काय झालं? मूर्ती बघायला आलेल्या माणसाला कपच्यांशी काय करायचंय, असं कुणीही म्हणेल.

तेजोमेघात मात्र खरी गोष्ट कपच्यांचीच आहे, असं मला वाटू लागलं आहे. अशा मेघातल्या मालापैकी तारे बनण्यात खर्च होतो तो शंभरातला जेमतेम दोन-पाच भाग. बाकीचा सगळा, तारे व्हायच्या आधीच, पहिल्या काही मोठ्या ताऱ्यांनी तापवून, फुंकून, रेटून बाहेर घालवलेला असतो. ऐकायला ही उधळपट्टी वाटते. पण उलट विचार करून बघावा. मोठे तारे असे वागले नसते, प्रत्येक मेघ मुकाट आकसत गेला असता, तर आकाशगंगेतला वायू केव्हाच तारे होऊन संपला असता. सध्या आपली आकाशगंगा वर्षाला एक-दोन सूर्यांच्या वजनाएवढेच तारे घडवते. एवढ्या मोठ्या संसाराला हा वेग फार बेताचा आहे, आणि म्हणूनच तो हजार कोटींहून अधिक वर्षं चालू राहिला. आपला सूर्य जन्मला 460 कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे बराच उशिरा. तोवर त्याच्यासाठी वायू शिल्लक होता तो कुणीतरी पूर्वी उधळला म्हणून.

या उधळणाऱ्याची पुसटशी खूण सापडलीही आहे. 1969 साली मेक्सिकोत आयेंदे नावाच्या गावाजवळ मोठी उल्का फुटून पडली. तिच्यातल्या पांढुरक्या कणांत किरणोत्सारी ॲल्युमिनियमच्या एका प्रकाराची राख मिळाली. हा प्रकार सात लाख वर्षांत निम्मा संपतो, म्हणजे सौरमाला घडत असताना तो ताजा होता. जवळपासच्या कुठल्यातरी भारी ताऱ्याच्या वाऱ्याने किंवा त्याच्या स्फोटाने तो आणून टाकला असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे आपल्या सूर्यालाही असा एक भडक थोरला शेजारी होता. त्याने आपली चकतीही थोडीफार सोलली असेल. काय उरलं ते आपण रोज पायाखाली तुडवतो.

थीटा-वन सीकडे आता थोडीच लाख वर्षं आहेत, फार तर तीस-चाळीस. एवढे मोठे तारे इंधन झपाट्याने जाळतात आणि स्फोटाने संपतात. तोवर धुरकट पंखा विरून गेलेला असेल आणि मृगाच्या बाणाखाली एक स्वच्छ तारकागुच्छ दिसेल, आज कृत्तिका दिसतात तसा. कृत्तिकांचं वय दहा कोटी वर्षांच्या आसपास. त्यांच्याभोवती फोटोत दिसणारी निळसर धूळ ही त्यांच्या जन्माची नव्हे. जन्माचा मेघ त्यांनी केव्हाच झटकून टाकला, ही वाटेत भेटलेली परकी धूळ. पुढे गुच्छही सुटतो, तारे एकेक करून आपापल्या वाटेने निघून जातात. सूर्याची भावंडंही अशीच पांगली.

उधळपट्टीलाच काटकसर म्हणणं, हा माझाच जमाखर्ची स्वभाव बोलतो आहे, हे मला कळतं. त्या ताऱ्याला ना बचत करायची असते, ना दान. तो तापलेला आहे एवढंच. पण दरवर्षी सर्वपित्रीला, ज्यांची नावं कुणाला आठवत नाहीत अशांच्या नावानेही आपण तीळ-पाणी सोडतो, तेव्हा माझ्या मनात एक आगाऊ विचार येऊन जातो. ज्याने आपल्या वाट्याचा वायू राखला, त्यात ॲल्युमिनियम टाकलं, आणि कदाचित एखादा ग्रह कमीही केला, त्या ताऱ्याला या यादीत कुठे बसवावं? पितरांना दक्षिणेकडे तोंड करून पाणी देतात. पण सूर्य जन्मल्यापासून आकाशगंगेभोवती त्याच्या वीसेक प्रदक्षिणा झाल्या आहेत आणि तो थोरला होता ती जागा आता कुठल्याच दिशेला नाही. तरीही पाणी सोडायचं झालंच, तर तोंड कुठे करावं?